परतीचे दार उघडे ठेवूया
(गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बोलायचे आहे ते मागच्या रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांविषयी, पण ऐकायचे आहे पुढच्या रांगेतल्या आपण पालकांनी.

आमची पिढी इंदुरात शिकली तेव्हा कॉलेजचा हिशोब सरळ होता. तीन वर्षे पूर्ण केली तर पदवी, मध्येच सुटले तर हातात काही नाही. वडिलांचे आजारपण, बहिणीचे लग्न, घरची ओढाताण अशा कारणांनी दुसऱ्या वर्षी कॉलेज सुटलेल्याला पुढे जन्मभर बारावीचीच मार्कशीट दाखवावी लागे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हा हिशोब बदलला. आपल्या मध्य प्रदेशातील महाविद्यालयांत ते २०२१-२२ पासून लागू झाले. आता एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी अशा पायऱ्या आहेत. मिळवलेले क्रेडिट विद्यार्थ्याच्या नावाने क्रेडिट बँकेत जमा राहतात. शिकलेले वाया जात नाही, ही मोठीच गोष्ट आहे.

पण दोन बाबी घरोघरी नीट समजायला हव्यात. पहिली, वर्ष संपले की प्रमाणपत्र आपोआप मिळते असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीप्रमाणे पहिल्या वर्षाच्या ४० क्रेडिटबरोबर सुट्टीत ४ क्रेडिटचा एक व्यावसायिक अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो. दुसरी, परत यायला मुदत आहे. बाहेर पडल्यापासून तीन वर्षांत परत प्रवेश घ्यायचा आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची.

शब्दाचाही घोटाळा होतो. आम्ही पॉलिटेक्निकमधून केली ती पदविका वेगळी. ती दहावीनंतर तीन वर्षांची, आणि तिच्यावर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. नव्या धोरणातील पदविका म्हणजे पदवीच्या वाटेवरचा दुसरा टप्पा. दोन्हींना एकच नाव असल्याने नोकरीची जाहिरात वाचताना कोणती पदविका मागितली आहे, हे मुलांनी बघून घ्यावे.

आता मनातली खरी काळजी सांगतो. बाहेर पडण्याची सोय झाली, की घरात सहज म्हटले जाईल, "सर्टिफिकेट मिळाले ना, मग पुरे." मुलीला चांगले स्थळ आले, मुलाला दुकानात किंवा डिलिव्हरीत चार पैसे मिळू लागले, की कॉलेज तिथेच थांबेल. पूर्वी मध्येच सोडताना आईबाप कळवळत, कारण सगळे वाया जाई. आता तो चटका राहिलेला नाही. धोरणाने ही सोय केली ती अडचणीतल्या मुलाला सावरण्यासाठी. आपण मात्र तिचा उपयोग मुलांना लवकर कामाला किंवा बोहल्यावर लावण्यासाठी केला, तर दोष धोरणाचा म्हणता येणार नाही.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपल्या समाजातील ज्या मुलामुलींचे कॉलेज मध्येच सुटले आहे, त्यांची एक वही करावी. कोणी कधी सोडले, क्रेडिट किती जमा आहेत, परतीची मुदत कधी संपते, एवढेच त्यात लिहावे. आपल्यात निवृत्त प्राध्यापक आहेत, बँकेतली आणि सरकारी कचेऱ्यांतली माणसे आहेत. महिन्यातला एक रविवार दोन तास दिले तरी फॉर्म भरणे, कागद जुळवणे होऊन जाईल. फी अडत असेल, तर सजावटीच्या खर्चातून थोडे बाजूला काढता येईल. बाप्पा रागावणार नाहीत. विद्येची देवता आहेत ते.

मुलीचे लग्न ठरवताना मुलाकडच्यांशी देण्याघेण्याआधी तिच्या उरलेल्या वर्षांचे बोलून घ्यावे, हीही विनंती.

अनंत चतुर्दशीला आपण बाप्पांना नुसते पोचवत नाही, पुढच्या वर्षी लवकर या म्हणून बजावतो. कॉलेज सोडून निघालेल्या मुलालाही घरातून हेच ऐकू यावे.

गणपती बाप्पा मोरया!