पन्नास हजारांची सूट गेली कोठें?

अडतीस वर्षें मीं मुलांना गणित शिकविलें. उत्तर चुकलें म्हणजे मूल उत्तरच पुन्हां पुन्हां खोडून लिहितें; मांडणीकडे पाहात नाहीं. मोठीं माणसें संगणकापुढें बसलीं म्हणजे निराळें वागतात असें नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें माझ्याच घरीं याचा अनुभव आला. तोच घोळ आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं झालेला असण्याचा संभव आहे, म्हणून तो सांगतों.

आमचें माण म्हणजे अवर्षणाचा मुलूख. एक सुगी साधावी आणि पुढची हातची जावी, अशा ठिकाणीं जुन्या माणसांनीं जमिनींत पेव खणून ज्वारी सांठविली. माझ्या म्हातारपणाचें पेव सरकारनें भरलें. मला निवृत्तिवेतन आहे. माझी मुलगी दहिवडीस राज्य शासनाच्या एका कचेरींत लिपिक आहे. तिची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची. त्या तारखेपासून नेमलेल्यांसाठीं महाराष्ट्र शासनानें परिभाषित अंशदान योजना आणली व पुढें ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेंत विलीन झाली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते, तिच्या शेंकडा दहा मुलीच्या पगारांतून कापले जातात आणि शेंकडा चौदा शासन घालतें. तिच्या पेवांत ती स्वतः भर घालील तेवढी अधिक.

मार्च २०२५ मध्यें तिनें पन्नास हजार रुपये या खात्यांत आपणहून भरले. प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यांतील कलम ८० सीसीडी (१ब) प्रमाणें एवढी जादा सूट मिळते, ही तिची माहिती खरी होती. २०१५-१६ या वर्षापासून ती सूट आहे. परंतु विवरणपत्र भरतांना तिनें ५०,००० लिहावे आणि संगणकानें मान्य रक्कम शून्य दाखवावी! तीनदां लिहिलें, तीनदां शून्य.

"तात्या, हें यंत्र बिघडलें आहे," ती म्हणाली.

"यंत्र बाजूला ठेव. पावती आण," मीं म्हटलें.

पावती नीट होती. या खात्याचे दोन स्तर असतात आणि पहिल्या स्तरांत भरलेल्या पैशालाच ही सूट आहे. पैसे पहिल्याच स्तरांत गेले होते. मग आम्हीं विवरणपत्र आरंभापासून वाचूं लागलों. नांव, पत्ता, जन्मतारीख यांच्याच रांगेंत एक प्रश्न होता: नव्या करपद्धतींतून बाहेर पडावयाचें आहे काय? उत्तर आधींच "नाहीं" असें भरलेलें. २०२३-२४ या वर्षापासून नवी पद्धति हीच मूळ धरली जाते. जुनी हवी असेल त्यानें तसें मुद्दाम सांगावें, आणि तेंही मुदतीच्या आंत. नव्या पद्धतींत दर हलके, पण बहुतेक सुटी रद्द. यंत्र बिघडलें नव्हतें. वरच्या उत्तराशीं तें प्रामाणिक होतें.

मुलीनें "होय" केलें. पन्नास हजारांची सूट तत्काळ उगवली. तिचा चेहरा उजळला, आणि मग खालचा आंकडा दिसला. कर ३३,०१० रुपये होता, तो ५२,५०० झाला! सूट मिळाली आणि वर साडेएकोणीस हजारांचा भुर्दंड बसला. जुन्या पद्धतीचे दर चढे. घर स्वतःचें असल्यामुळें घरभाड्याची सवलत नाहीं, कर्जाचें व्याज नाहीं, इतर बचत लाखभराची. एवढ्यानें तो चढ भरून निघेना.

पुन्हां "नाहीं" करून उठावें, असें तिच्या मनांत आलें. मला मात्र ३३,०१० हा आंकडाही जड वाटला. फॉर्म १६ हातीं घेतला व पगाराची बेरीज केली. एकूण ८,९२,४०० रुपये. प्रत्यक्ष पगार आठ लाखांचा! वरचे ९२,४०० म्हणजे शासनानें तिच्या खात्यांत घातलेला शेंकडा चौदाचा वांटा. हा वांटा प्रथम उत्पन्नांत मिळवितात आणि मग ८० सीसीडी (२) या पोटकलमानें वजा करतात. मिळविण्याची क्रिया झाली होती, वजाबाकीची जागा कोरी. आणि मौज अशी कीं, नव्या पद्धतींत ज्या थोड्या सुटी जिवंत राहिल्या त्यांत हीच एक आहे. (खाजगी नोकरींतील मंडळींनींही ऐकून ठेवावें: नव्या पद्धतींत त्यांची मर्यादा २०२४-२५ पासून दहांवरून चौदा टक्के झाली.)

तेथें ९२,४०० लिहिले. यंत्रानें मुकाट्यानें मानले. नव्या पद्धतींत कर २३,४०० झाला. जुनी पद्धतिही न्यायानें पुन्हां तपासली, तेथें ३३,२८०. कचेरीनें कर ३३,०१० च्या हिशेबानेंच कापला होता, म्हणजे ९,६१० रुपये परत येणें निघालें. जी सूट नाकारली म्हणून ती रडकुंडीस आली, ती तिच्या पद्धतींत तिची नव्हतीच. आणि जी निःसंशय तिची होती, ती मागावयाचें कोणास सुचलें नव्हतें.

मी सांगितलेलीं कलमें १९६१ च्या कायद्याचीं आहेत. १ एप्रिल २०२६ हा २०२५ च्या नव्या कायद्याच्या अंमलाचा दिवस. तेव्हां पुढील वर्षांचा हिशेब करतांना आंकडे नव्या पुस्तकांतून पहावेत. २०२४-२५ चें विवरणपत्र भरण्याची मुदत अखेरीस १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढली होती, हें आमच्या पथ्यावर पडलें.

"मग माझे पन्नास हजार वायां गेले काय?" तिनें विचारलें.

"वायां कसे? पेवांतच आहेत कीं. फक्त करापुरतें त्यांचें नांव काढूं नकोस. पुढच्या मार्चांत भरतांना मात्र हातीं खर्चाला किती उरतें तें आधीं पहा. हा पैसा सहजासहजीं परत काढतां येत नाहीं."

दुसऱ्या दिवशीं ती आपला फॉर्म १६ कचेरींत घेऊन गेली. संध्याकाळीं आली ती आणखी तिघींचे कागद घेऊन. तिघींच्याही कागदांवर तीच जागा कोरी होती.