गोळीचा खाडा
(आकाशवाणीवरील भाषण)



कन्हानला आमच्याकडे दूधवाला भाऊ पहाटेच येतो. दूध पातेल्यात पडलं की मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा टाकते. आला नाही, तर खाडा. तोही आपल्या वहीत लिहितो. महिनाअखेर दोन्ही हिशेब जुळले की पैसे. तुमच्याकडेही असंच असणार.

मग अर्ध्या लिटर दुधाचा एवढा हिशेब, आणि वृद्धाश्रमातल्या आईच्या गोळीचा काहीच नाही?

मी निवृत्त परिचारिका. एका वृद्धाश्रमात अधूनमधून जाते, नाव सांगत नाही. एकदा सेविका साखरेची गोळी घेऊन आली. तिथले आबाजी म्हणाले, "मघाशीच खाल्ली ना म्या." ती म्हणाली, "थे कालची होय आबाजी. घ्या गुमान." सकाळच्या बाईची ड्यूटी संपलेली, गोळ्यांच्या नोंदीच्या कागदावर खूण नाही. शेवटी केराच्या डब्यात स्ट्रिपचा कातरलेला तुकडा सापडला. आबाजी खरे होते! दुसरी गोळी पोटात गेली असती तर घाम, थरथर, पुढे कदाचित शुद्धही हरपली असती. नोंदवही म्हणून केराचा डबा चालतो का हो?

म्हणून सांगते, गोळी गिळलेली बघायची आणि तिथंच खूण करायची. आठवड्याच्या चौकोनांत एकदम खुणा करून ठेवलेल्याही मी पाहिल्यात. उद्याचं दूध तुम्ही आज लिहिता का?

आजोबांनी गोळी थुंकली, तर खाडा लिहा, कारणासकट. लपवू नका. कागदावर 'दिली' आणि बीपी चढलेलं, मग डॉक्टर डोस वाढवणारच. आणि दूध रोज येतं, तसं प्रत्येक औषध रोजचं नसतं. संधिवातासाठी देतात ती मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज दिली, तर जिवावर बेतते.

आता दुसरी वही, दूधवाल्याची. देखरेख म्हणतात ती हीच. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्यात जिल्ह्याला निदान एक, दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम सांगितला आहे. खाटा मोजल्या, चांगलं झालं. गोळ्या कोण मोजणार? रोज एक अशा तीस आणल्या, बारा दिवस झाले, तर अठरा उरायला हव्यात. एवढी वजाबाकी दुसऱ्या कुणीतरी करायची. देणाऱ्यानंच नाही!

रात्री सगळे शांत झोपावेत म्हणून झोपेची गोळी... त्यावर बोलायचं होतं, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा इशारा करताहेत. असो.

पुन्हा सांगते, गोळी गिळल्यावरच खूण. रविवारी भेटायला जाल तेव्हा केळी न्या, बिस्किटं न्या. पण तो कागद मागून बघा. एखादा चौकोन कोरा असेल, तर रागावू नका, विचारा. आणि महिनाभरात एकही खाडा नसेल, तर जरूर विचारा.