काचपट्टीवरचे रंग

राज्यभरातून आलेल्या प्रयोगशाळा तंत्रज्ञ भगिनी-बंधूंनो,

स्वागत समितीच्या वतीने गडचिरोलीत तुमचे मनापासून स्वागत. हिवतापाशी इतकी वर्षे झुंजणाऱ्या या जिल्ह्यात रक्ताच्या स्लाइड रंगवण्यावर अधिवेशन भरावे, याचा मला फार आनंद आहे.

न रंगवलेल्या पांढऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींपासून ओळखणे कठीण. पॉल एर्लिख यांनी १८७९च्या सुमारास रंग वापरून त्यांचे प्रकार वेगळे केले. पुढे १८९१ मध्ये रशियातल्या दिमित्री रोमानोव्स्की यांनी इओसिन आणि जुने, मुरलेले मिथिलीन ब्लू एकत्र केले आणि हिवतापाच्या परजीवीचे केंद्रक जांभळे उमटले. रंग घातले दोन, मग हा तिसरा कुठून आला? मिथिलीन ब्लू मुरताना त्यातून अॅझ्युर तयार होते. अॅझ्युर आणि इओसिन मिळून केंद्रकाला जांभळा रंग चढवतात. लीशमन, राइट, गिम्सा हे सगळे स्टेन याच घराण्यातले. आणि जेएसबी तर आपल्याच देशातला! जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी १९४४ मध्ये तो मांडला. पाण्यात विरघळणारा, झटपट रंगवणारा. देशाच्या हिवताप मोहिमेत गावोगावच्या स्लाइड त्याने रंगल्या, याचे श्रेय आपण पुरेसे देत नाही असे मला वाटते.

आता एक कळकळीचे. स्टेन चांगला आणूनही पाण्याकडे दुर्लक्ष होते. पाणी आम्लधर्मी असेल तर सगळी स्लाइड लालभडक दिसते, अल्कधर्मी असेल तर निळी पडते. नेहमीच्या रक्ततपासणीला बफरचा सामू ६.८ चालतो, हिवतापासाठी मात्र ७.२ हवा, नाहीतर व्हायवॅक्सचे शुफनर ठिपके नीट उमटत नाहीत. व्हायवॅक्स की फाल्सिपेरम, यावर रुग्णाची औषधे ठरतात. पावसाळ्यात मिथेनॉलची बाटली उघडी राहिली की ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि तांबड्या पेशींवर खोटे चकाकते डाग दिसू लागतात. पेशी मोजणारी यंत्रे आता तालुक्यापर्यंत आली, त्यांचे स्वागतच आहे. पण यंत्राने शंका दाखवली की शेवटी स्लाइड तुमच्याच हाती येते, म्हणून हा हात तयार असायला हवा.

दुपारच्या सत्रात सूक्ष्मदर्शक आणि वेगवेगळ्या सामूचे बफर मांडून ठेवले आहेत. स्वतःच्या स्लाइड आणल्या असतील तर त्या जरूर लावा, शेजाऱ्यालाही दाखवा. जेवण मागच्या मंडपात आहे. काही अडचण आली तर समितीच्या कोणत्याही कार्यकर्त्याला हाक मारा.