गुलवेल आणि पिवळ्या पंखांचा पतंग



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा पाहिले-वाचले तेवढेच सांगते.

कात्रजला आमच्या परसात डाळिंब आहे, कुंपणावर गुलवेल. पावसाळा सरताना फळांना टाचणीएवढी भोके पडून ती कुजू लागली. रात्री बॅटरी घेऊन पाहिले, तो फळावर पतंग! मिटून बसला की वाळके पान; पंख उघडले की आतले पंख हळदीसारखे पिवळे, वर काळा डाग.

उत्तर अमेरिकेत याचे भाऊबंद सुमारे १०० जातींचे आहेत. ते दिवसा झाडाच्या सालीवर लपतात आणि पाखरू जवळ आले की रंगीत पंख दाखवून त्याला दचकवतात. आपल्याकडच्याची सोंड मात्र टणक व काटेरी. ती फळाच्या सालीतून आरपार जाते. विदर्भातल्या संत्र्या-मोसंब्यांनाही तो सोडत नाही. अळी फळाला शिवत नाही. ती गुलवेल आणि वासनवेलीची पाने खाते.

म्हणून शेजारी म्हणतात, वेल उपटा. सासूबाई म्हणतात, काढ्याची वेल उपटायची कशी? माझे म्हणणे असे, की पतंग दुरून उडत येतो आणि डोंगरात गुलवेल आहेच. एकटीने वेल तोडून काय होणार? मी पानांवरच्या डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या काळसर अळ्या वेचते, फळांना जुन्या कापडाच्या पिशव्या बांधते, पडलेली फळे पुरते आणि रात्री पतंग पकडते. यंदा डाळिंबे घरात आली, वेलही राहिली.

आपण साऱ्याजणींनी हेच केले, तर कुणाच्याच दारची गुलवेल जायला नको.