सहकार्य : संघातले आणि संस्थेतले

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा संकलित भाग)



आजच्या भाषणासाठी कार्यकारिणीने ‘सहकार्य’ हा विषय दिला. विषय गोड आहे, म्हणूनच अवघड आहे. एकीने राहा असे सांगितले की टाळ्या पडतात; आणि टाळ्या देणारेच पुढच्या रविवारी एकाच वस्तीत दोन पावतीपुस्तके घेऊन वर्गणीला निघतात. आपले प्रेम कमी पडते असे आम्हांस वाटत नाही. कमी पडते ती रीत.

विनयपिटकात कौशांबीच्या भिक्खूंचे भांडण आले आहे. त्याचे मूळ अट्ठकथेत सांगितले आहे, ते इतके क्षुल्लक की हसू यावे. एक धम्मकथिक भिक्खू शौचकूपातून बाहेर येताना वापरून उरलेले पाणी भांड्यात तसेच ठेवून आला. मागाहून गेलेल्या विनयधर भिक्खूने ते पाहिले व हा दोष आहे असे सांगितले. मला ठाऊक नव्हते, दोष असेल तर कबूल करतो, असे पहिला म्हणाला. जाणूनबुजून केले नसेल तर दोष नाही, असे विनयधराने उत्तर दिले. प्रकरण तिथेच मिटले होते. परंतु त्याच विनयधराने आपल्या शिष्यांजवळ सांगितले की, याला आपला दोषही कळत नाही. शिष्यांनी ते समोरच्याच्या शिष्यांना ऐकवले. बघता बघता संघात दोन तट पडले. भगवंतांनी समजावले तरी कोणी ऐकेना, तेव्हा ते एकटेच कौशांबी सोडून निघाले.

मंडळी, दोघांत मिटलेली गोष्ट पाठीमागे बोलल्याने पेटली, हे इथे ध्यानात घ्यावे. आपल्याकडील किती भांडणे याच वाटेने गेली, त्यांची यादी ज्याने त्याने मनातल्या मनात करावी.

तिथून निघालेले भगवंत पुढे प्राचीनवंस नावाच्या वनात आले. तेथे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तीन भिक्खू राहत होते. तुम्ही मिळून-मिसळून राहता ना, असे भगवंतांनी विचारले. राहतो, असे उत्तर आले. तेवढ्यावर भगवंत थांबले नाहीत. कसे राहता, हेही त्यांनी विचारले. तेव्हा जे सांगितले गेले ते अगदी घरगुती आहे. भिक्षेहून जो आधी परततो तो आसने मांडतो, पाणी भरून ठेवतो. जो शेवटी येतो तो आसने उचलतो, जागा झाडतो. पाण्याचे मडके रिकामे ज्याला दिसेल तो भरतो. एकट्याला उचलेना, तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो. आणि दर पाचव्या दिवशी तिघे रात्रभर धम्मचर्चेस बसतात. कौशांबीत उरलेल्या पाण्यावरून संघ फुटला, इथे पाणी कोणी भरावे हा प्रश्नच उठला नाही. दोन्हीकडे भिक्खूच होते.

आता थोडे आमच्या नोकरीविषयी. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात व त्या दोघांकडे असतात. एकट्याने तिजोरी उघडत नाही. त्या दोघांचे आपसांत पटतेच असे नाही, तरी वेळेवर तिजोरी उघडते. एकाने केलेली नोंद दुसरा तपासतो. संगणक आले तरी ही पद्धत गेलेली नाही. यात कोणी अपमान मानीत नाही. उलट, उद्या रोख कमी भरली तर आपल्यावर एकट्यावर आळ येणार नाही, हा त्यात दिलासा असतो. संस्थेत मात्र कोणी हिशेब मागितला की खजिनदारांच्या कपाळाला आठी, आणि मागणारा विरोधी गटाचा! हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे आम्ही बँकेतले लोक रोज जगतो, पण वस्तीत येऊन सांगताना घाम फुटतो.

काउंटरपलीकडून आम्हांला संस्थांची भांडणेही दिसतात. सचिव एक पत्र देतात, खजिनदार दुसरे. वाद लेखी आला की बँक खाते थांबवते. दोन्ही बाजूंचा एकमताचा ठराव वा अधिकाऱ्यांचा आदेश येईपर्यंत पैसे निघत नाहीत. नोंदणीकृत न्यासाच्या विश्वस्तांत बदल झाला तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. दोन गटांनी दोन अर्ज दिले की वर्षे जातात. अशा एका संस्थेच्या खात्यात पैसे असूनही अभ्यासिकेचे वीजबिल भरले गेले नाही, आणि दहावीची मुले ऐन परीक्षेत जिन्याखालच्या दिव्याशी बसली. गटांचे काय बिघडले? काही नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते की, संसदीय कामकाजाची रीत बुद्धांच्या भिक्खुसंघाला माहीत होती : बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान, सर्व काही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद सांगितला आहे. शाक्य संघात कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव आला, तेव्हा सिद्धार्थाने विरोध करून मार्ग सुचवला : आपले दोन, त्यांचे दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी वाद मिटवावा. तो मतदानात हरला. परंतु हरल्यावर त्याने दुसरा शाक्य संघ काढला नाही! युद्धात भाग घेण्यास नकार दिला व त्याची किंमत स्वतः गृहत्याग करून भोगली.

कौशांबीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. तिथल्या उपासकांनी भांडणाऱ्या भिक्खूंना वंदन व भिक्षा देणे बंद केले. मग ते श्रावस्तीला भगवंतांकडे गेले आणि तंटा मिटला. उपासकांच्या हातात केवढी शक्ती असते, ते यावरून दिसते. दोन पावतीपुस्तके दारी आली, तर आधी एक करून या, मग वर्गणी, असे म्हणायला माताभगिनींना कोणी अडवलेले नाही.

आपल्यापुरती आमची सूचना अशी. सभेचे इतिवृत्त सभा उठण्यापूर्वी वाचून त्यावर सह्या व्हाव्यात. महिन्याचा जमाखर्च शेवटच्या रविवारी विहाराच्या फलकावर लागावा, आणि तो वाणिज्य शाखेच्या दोन विद्यार्थ्यांनी तपासावा. त्यांचाही सराव होईल. अभ्यासिकेच्या दोन किल्ल्या सध्या पदाधिकाऱ्यांकडे आहेत. तिसरी करून ती विद्यार्थ्यांनी निवडलेल्या एकाकडे द्यावी, असा ठराव आम्ही मांडत आहोत. त्याला अनुमोदन कोण देणार, ते आता सभेने सांगावे.