रिपोर्टला औषध नको, माणसाला द्या

वसंत व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे उन्हाळी लागण्याचेही दिवस. पण आज मी बोलणार आहे ते घरी अंथरुणावर असलेल्या माणसांच्या लघवीबद्दल. या विषयावर घरात कुजबुजच होते, म्हणून इथे मोकळेपणाने बोलतो.

मागे एका घरी गेलो. 82 वर्षांच्या आजी, अर्धांगवायू झालेला, लघवीला नळी. मुलाने रिपोर्ट पुढे केला. ई. कोलाय, एक लाखाहून जास्त. "डॉक्टर, लघवीला वास येतोय, काहीतरी स्ट्राँग सुरू करा." आजींना ताप नव्हता. ओटीपोट दाबलं तरी दुखत नव्हतं. सकाळी पेज घेतली होती. सांभाळणाऱ्या मावशींना विचारलं, नमुना कुठून घेतला? त्यांनी पिशवीच्या खालची तोटी दाखवली. रात्रभर साठलेली लघवी ती! तिच्यात जंतू वाढले नसते तरच नवल.

नळी घातली की रोज साधारण 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू सापडू लागतात. महिनाभरात बहुतेक सगळ्यांच्याच. पण जंतू सापडणं म्हणजे आजार नव्हे. काही त्रास नसताना अशा जंतूंवर औषध द्यायचं ते मुख्यतः गरोदर बाईला आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांआधी. नुसता वास, गढूळपणा किंवा रिपोर्टमधल्या पस सेल्स पाहून अँटिबायोटिक दिलं, तर जुलाब लागतात आणि मागे उरतात ते त्या औषधाला न जुमानणारे जंतू. मग खरं इन्फेक्शन होतं तेव्हा गोळी चालत नाही, इंजेक्शनं घ्यावी लागतात. हे मी अनेक घरांत पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा ओटीपोटात दुखणं, नळी नसेल तर नव्याने सुरू झालेली जळजळ, अशी लक्षणं असतील तर मात्र थांबू नका. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलायची, नव्या नळीतून कल्चरचा नमुना घ्यायचा, मग औषध. म्हातारं माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागलं, तर डॉक्टरांना लगेच बोलवा. पण दोष लघवीला देण्याआधी पाणी कमी पडलंय का, पोट साफ झालंय का, साखर किती आहे, नवी गोळी सुरू झालीय का, हे त्यांच्याबरोबर तपासा.

2014 पासून अनेक प्रबळ अँटिबायोटिक औषधविक्रीच्या नियमांतल्या शेड्यूल एच-वन या यादीत आहेत. विकली की दुकानदाराने नोंद ठेवायची. कपाटात उरलेल्या गोळ्यांची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. त्या कुणालाही देऊ नका.

पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता अडकवा. आणि डॉक्टर आले की आधी विचारा, ही नळी अजून लागते का? त्या आजींना अँटिबायोटिक दिलं नाही. नळी काढली. आता मावशी त्यांना दर तीन तासांनी कमोडच्या खुर्चीवर बसवतात.