सुपेल्यात बंद पडलेली पद्मिनी

मी भिलाईचा. वडील स्टील प्लांटमध्ये होते. त्यांची प्रीमियर पद्मिनी आता मी सांभाळतो. कुर्ल्यात बनलेली, इंजिन १०८९ सीसीचं.

इथे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. आईला दुर्ग स्टेशनवरून आणताना सुपेल्यात गाडी बंद पडली. पेट्रोल होतं, प्लगला ठिणगीही होती. पण इंजिनाला लागून असलेला पेट्रोल पंप तापला, की आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ढकलत बसतो. वडील डिकीत पाण्याची बाटली आणि फडकं का ठेवायचे, ते तेव्हा कळलं! ओलं फडकं पंपावर गुंडाळलं, पंधरा मिनिटांनी गाडी सुरू झाली. आई घामाने निथळत होती, एक शब्द बोलली नाही.

मित्र म्हणायचे, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसव. गाडीचं मूळपण जाईल म्हणून मी टाळत होतो. त्या दिवसानंतर बसवला. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, ते जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून नळ्याही बदलल्या. जुना पंप पुसून डब्यात ठेवलाय.

तुम्ही बसवणार असाल तर कमी दाबाचाच घ्या, नाहीतर कार्ब्युरेटर ओसंडतो. माझा पहिल्या दिवशी ओसंडला होता.